सातारा-शिरवळ रोजचं अप-डाऊन, आता कुठली गाडी घेऊ?

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कापून खाली देतेय.

"ताई नमस्कार, मी साताऱ्यात राहते आणि शिरवळच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. जाऊन येऊन रोज 120 किलोमीटर पडतात, आठवड्यातून सहा दिवस. आमची 2011 ची स्विफ्ट डिझेल आहे, तिनेच आजवर निभावलं पण आता इंजिनाचं काम निघालंय आणि आरसीची पंधरा वर्षंही भरत आलीयेत. महिन्याला 16-17 हजारांचं डिझेल जातं, त्यामुळे ॲव्हरेज देणारी गाडी हवी, बजेट ऑन रोड 10 लाखांच्या आत. मिस्टर म्हणतात वॅगन आर सीएनजी घे, 34 देते. दीर म्हणतात हायवेला डिझेलशिवाय पर्याय नाही, पण दहा वर्षांनी डिझेल बंद होईल असंही तेच म्हणतात. ऑफिसमधला एक मुलगा ईव्ही घे म्हणून मागे लागलाय, पण आम्ही फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि पार्किंग कॉमन आहे. येताना जाताना कंपनीतल्या दोघी माझ्यासोबत असतात. डावा गुडघाही थोडा कुरकुरतो. डोकं चालेनासं झालंय, काहीतरी एक सांगा."

ताई, तुम्ही एक सांगा म्हणालात म्हणून एकच सांगते. डिझायर सीएनजी घ्या. पण बुकिंगच्या आधी एक काम करायचंय, तुमच्या वाटेवरचा सीएनजी पंप शोधून तिथे दोन-तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन उभं राहायचं, आणि ते काम झाल्याशिवाय एक रुपयाही भरायचा नाही. वॅगन आर चांगली गाडी आहे, गावात फिरायला तर फारच सोयीची, पण रोज खंबाटकी घाटातून कंटेनरच्या रांगेत ती घेऊन जा असं मी तुम्हाला सांगणार नाही. का ते सविस्तर लिहिते.

आधी हिशोब बघू कारण सगळ्यांची मतं तिथूनच सुरू होतात. रोज 120 आणि महिन्याला 25 दिवस धरले तर झाले 3000 किलोमीटर, म्हणजे वर्षाला 36 हजार. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, पुढे परत लागणारे. पेट्रोल 105, डिझेल 92 आणि सीएनजीही 92 असे भाव धरते, तुमच्या पंपावर दोन-चार रुपये इकडेतिकडे असतील तर ते घालून परत करा. पेट्रोलची डिझायर हायवेला नीट चालवली तर लिटरला 20 धरा, म्हणजे 150 लिटर, पावणेसोळा हजार रुपये. तीच गाडी सीएनजीवर किलोला 27 धरा, 111 किलो, सव्वादहा हजार. म्हणजे महिन्याला साडेपाच हजारांचा फरक पडतो. सीएनजी मॉडेल पेट्रोलपेक्षा 85-95 हजारांनी महाग असतं हे खरं, पण आपल्याकडे रोड टॅक्समध्ये त्यातले थोडे परत मिळतात. महाराष्ट्रात 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के टॅक्स आहे, डिझेलला 13, आणि सीएनजीला 1 जुलै 2025 पासून एक टक्का वाढवूनही 8 च. सव्वासात लाखांची पेट्रोल आणि 8 लाख 15 हजारांची सीएनजी समोरासमोर ठेवली तर टॅक्समध्ये साडेचौदा हजार वाचतात, म्हणजे खरा फरक उरला 75 हजारांच्या आसपास, आणि तो तुमच्या रनिंगला वर्ष-सव्वा वर्षात फिटतो. जिचं रोजचं जाणं-येणं 20 किलोमीटर आहे तिला मी सीएनजी घे म्हणून आग्रह करणार नाही, तिला तो फरक फेडायला सात-आठ वर्षं जातील. तुमच्यासाठी मात्र यात विचार करण्यासारखं काही नाहीये.

आता मिस्टरांचा 34 चा आकडा. तो खोटा नाही, वॅगन आर सीएनजीचा कंपनीचा आकडा किलोला 34.05 आहे आणि डिझायर सीएनजीचा 33.73, म्हणजे कागदावर दोघींत फरकच नाही म्हणा ना. पण हे आकडे येतात कुठून ते बघा. गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या पद्धतीने वेग कमीजास्त करून, एसी बंद ठेवून ती टेस्ट होते, आणि जास्तीत जास्त वेग 90 पर्यंतच जातो. पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणारी जी एआरएआय ही संस्था आहे तिचं नाव या आकड्यांना चिकटलंय, म्हणून लोक 'एआरएआय ॲव्हरेज' म्हणतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, तुमचं महिन्याचं बजेट करायला नाही. त्यातून साधारण पाचवा हिस्सा वजा करायचा आणि मग घरखर्चाच्या वहीत लिहायचा, मी वर 27 धरलेत ते असेच. आणि पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल येतंय, त्यात काही आपल्याच सातारा-कोल्हापूरच्या साखर कारखान्यांचंही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे नुसत्या पेट्रोलच्या मानाने लिटरमागची ऊर्जाच सहा-सात टक्क्यांनी कमी झालीय. जुन्या पेट्रोल गाडीवाले ॲव्हरेज कमी झालं म्हणतात त्यामागे हे एक कारण आहे.

वेगाचं पण सांगूनच टाकते, कारण गाडी कुठलीही घेतली तरी हे पैसे तुमच्याच हातात आहेत. 80 वरून 100 ला गेलं की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. साताऱ्याहून शिरवळपर्यंत मधला घाट, टोलनाका, कामांची वळवावळवी सगळं धरून 100 ने जाऊन तुम्ही फार तर सात-आठ मिनिटं वाचवाल, आणि तेवढ्यासाठी किलोला तीन-चार किलोमीटर घालवाल. 80-85 वर डाव्या-मधल्या लेनने निवांत जा. वॅगन आर उंच आणि सपाट तोंडाची आहे, तिला 90 च्या वर हवा जास्त अडवते, म्हणून कागदावर बरोबरीची दिसणारी वॅगन आर रोजच्या हायवेला डिझायरच्या मागे पडते. आनेवाडीच्या पुढच्या मोकळ्या पट्ट्यात आडवा वारा असला आणि शेजारून कंटेनर गेला की उंच हलकी गाडी कशी हलते हे तुम्ही कोणाच्या तरी गाडीत बसून अनुभवलं असेलच.

पण ॲव्हरेज बाजूला ठेवा, वॅगन आरला नाही म्हणण्याचं माझं खरं कारण वेगळंय. ग्लोबल एनकॅपच्या 2023 च्या क्रॅश टेस्टमध्ये वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच स्टार मिळाला होता. नंतर कंपनीने सहा एअरबॅग दिल्या ते चांगलंच झालं, पण एअरबॅगने गाडीचा सांगाडा बदलत नाही. नवीन डिझायर नोव्हेंबर 2024 मध्ये आली ती त्याच संस्थेकडून पाच स्टार घेऊन आली, मग आपल्याकडच्या भारत एनकॅप टेस्टमध्येही पाच मिळाले. तुम्ही वर्षाला 36 हजार किलोमीटर हायवेवर असणार, त्यातले कितीतरी अंधारात, पावसाळ्यात धुक्यात, आणि तुमच्यासोबत रोज दोन बायका ज्यांची घरी मुलंबाळं वाट बघतायत. बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते एस आकाराचं वळण तर तुम्हाला मी काय सांगू, तिथले अपघात साताऱ्यात सगळ्यांना माहितीयेत. सव्वादहा हजार की साडेदहा हजार यावर घरात चर्चा होते आणि स्टारवर होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा. आणि मागे बसणाऱ्या मैत्रिणीलाही बेल्ट लावायला लावा, पहिल्या दिवसापासून, ओशाळल्यासारखं वाटून घेऊ नका.

आता पंपाचं, जे मी अट म्हणून घातलं. सीएनजीवाल्यांना ॲव्हरेज कधी त्रास देत नाही, रांग देते. टाकीत एका वेळी साधारण 8 किलो बसतं, 27 ने म्हणजे 215 किलोमीटर, म्हणजे तुम्हाला निदान एक दिवसाआड भरावंच लागणार. एका वेळेला पाऊण तास गेला तर आठवड्याचे सव्वादोन-अडीच तास रांगेत गेले, आणि घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सांभाळून नोकरी करणाऱ्या बाईचे ते दोन तास साडेपाच हजारांपेक्षा स्वस्त आहेत असं मला वाटत नाही. म्हणून आधी जाऊन बघायचं. सकाळी तुम्ही निघता त्या वेळेला एकदा, संध्याकाळी येताना एकदा, आणि शक्य तर रविवारी सकाळी एकदा. पंपावरच्या मुलाला सरळ विचारा, हा ऑनलाइन पंप आहे की गाडीने गॅस येतो. ऑनलाइन म्हणजे थेट पाइपलाइनवरचा, तिथे प्रेशर टिकून राहतं आणि गॅस संपला म्हणून सहसा परत पाठवत नाहीत. दुसऱ्या प्रकारात ट्रकवर सिलिंडर भरून आणतात, ट्रक उशिरा आला की रांग रस्त्यावर येते, आणि प्रेशर उतरलेलं असताना भरलं तर 8 किलोच्या जागी 6 च बसतात, मग दुसऱ्याच दिवशी परत रांग. भर दुपारी उन्हातही थोडा कमीच बसतो कारण तापलेला गॅस फुगतो आणि 200 बारचं प्रेशर लवकर दाखवतं. तर तुमच्या रस्त्यावर, तुमच्याच दिशेच्या बाजूला एक बरा ऑनलाइन पंप असेल आणि रांग 10-15 मिनिटांची असेल तर डोळे झाकून सीएनजी घ्या. दोन्ही वेळेला अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर डिझायर पेट्रोल घ्या, खर्च महिन्याला साडेपाच हजार जास्त, पण तुमच्या आताच्या डिझेलच्या खर्चाहून तरीही थोडा कमीच.

घाटात सीएनजी कशी ओढेल हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात आला असणार. तुमच्या बाबतीत सकाळी बोगदा आणि संध्याकाळी घाट, म्हणजे चढण येते ती दमून घरी येतानाच, तीन माणसं आणि एसी घेऊन, पुढे रांगणारा ट्रक. आताच्या डिझायर आणि स्विफ्टमध्ये एकच 1.2 लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, पेट्रोलवर ते 82 पीएसच्या आसपास ताकद देतं, सीएनजीवर 70. तुमच्या जुन्या डिझेलची ताकद 75 होती पण तिचा टॉर्क, म्हणजे ओढ, कमी वेगालाच मिळायचा, तिसऱ्या गिअरमध्ये ती आपसूक चढायची. इथे तसं होणार नाही. गिअर लवकर खाली घ्यायची सवय लावावी लागेल, दुसऱ्यात गुरगुरली तरी घाबरायचं नाही, आणि फारच जड वाटलं तर डॅशबोर्डवरचं बटण दाबून तेवढा घाट पेट्रोलवर चढायचा, रोजच्या तेवढ्या चार-पाच किलोमीटरने हिशोब काही बिघडत नाही. उलट टाकीत थोडं पेट्रोल ताजं राहतं आणि पेट्रोलची यंत्रणा चालती राहते, ते बरंच. नवीन बोगदे पूर्ण वापरात आले की ही चढण टळेलच.

आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमवाल्यांच्या रस्त्याला घेऊ नका, ते पोवई नाक्याला एक चक्कर मारून आणतात आणि तेवढ्यात काहीच कळत नाही. यवतेश्वरचा घाट साताऱ्याला लागूनच आहे. सांगा, मला गाडी सीएनजीवर, एसी लावून, तीन माणसं बसवून यवतेश्वरला चढवून बघायचीय. त्या दोन मैत्रिणींनाच घेऊन जा. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम बघा. तेवढ्यात सीटची उंची, पाठीला आधार, रात्रीचे दिवे हेही बघून होईल, तुम्ही रोज अडीच तास त्या सीटवर बसणार आहात.

गुडघ्याचं म्हणाल तर हायवेला क्लच तसा कमी लागतो, त्रास होतो तो घाटात आणि टोलवर. यवतेश्वरहून उतरल्यावर गुडघा बोलला तर मग टाटाची टियागो किंवा टिगोर सीएनजी एएमटी बघा, सीएनजीमध्ये क्लचशिवायची गाडी आपल्याकडे पहिल्यांदा 2024 मध्ये त्यांनीच आणली. ग्लोबल एनकॅपच्या जुन्या टेस्टमध्ये या दोन्ही गाड्यांना चार स्टार आहेत. ॲव्हरेज डिझायरएवढं नाही, किलोला 22-23 धरून चाला, म्हणजे महिन्याला दोनेक हजार जास्त. गुडघ्यासाठी ते दोन हजार घालायला मी तरी मागेपुढे बघणार नाही. त्यांच्या दोन छोट्या सिलिंडरमुळे डिकी पण बरीच मोकळी राहते, डिझायरची अर्धी डिकी सिलिंडर खातं हे लग्नाकार्याला जाताना जाणवेल.

दिरांना सांगा की दहा वर्षांनी डिझेल बंद हा नियम दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यासाठी आहे, महाराष्ट्रात नाही. आणि त्यांचं दुसरं म्हणणं एकेकाळी शंभर टक्के बरोबर होतं, तुमच्या स्विफ्टनेच ते सिद्ध केलंय. पण मारुतीने 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले तेव्हा डिझेल बंदच केलं आणि आता 10 लाखांच्या आसपास डिझेलमध्ये निवडायला फार काही उरलं नाहीये, ज्या आहेत त्या बहुतेक छोट्या एसयूव्ही, ऑन रोड बजेटच्या बाहेर जाणाऱ्या. 13 टक्के रोड टॅक्स, सर्व्हिसिंग महाग, आणि खर्च महिन्याला 13-14 हजार. घाटात मजा येईल हे मान्य, पण पैसे वाचणार नाहीत.

ईव्हीबद्दल ऑफिसमधल्या मुलाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. किलोमीटरमागे खर्च सगळ्यात कमी तिचाच आहे आणि महाराष्ट्रात रोड टॅक्सही नाही. तुमच्या रस्त्याला युनिटला सात किलोमीटर धरले आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारे धरले तर महिन्याला 470-480 युनिट लागतील. पण इथे एक गोष्ट लोक सांगत नाहीत, ही युनिट घरच्या मीटरवर पडली तर महावितरणच्या स्लॅबमध्ये तुम्ही एकदम वरच्या दराला जाता आणि घरचं सगळं गणितच बदलतं, म्हणून ईव्ही घेणाऱ्याने चार्जिंगसाठी वेगळ्या मीटरची चौकशी आधी करायची. तुमच्याकडे तर कॉमन पार्किंग, हक्काची जागा नाही, तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची म्हणजे सोसायटीशी रोजची कटकट आणि ते धोक्याचंही आहे, करूच नका. रोज रात्री चार्ज झालीच पाहिजे अशी गाडी, आणि रात्री कोणीतरी प्लगसमोर स्कूटर लावली म्हणून सकाळी 40 टक्के, यावर नोकरी चालत नाही. बजेटमध्ये बसणारी छोटी बॅटरीची गाडी 120 किलोमीटर आज करेल, पण एसी, घाट आणि चार-पाच वर्षांनी थोडी उतरलेली बॅटरी धरली तर हातात काही शिल्लक राहत नाही. उद्या कंपनीने शिरवळला पार्किंगमध्ये चार्जर बसवले तर मला परत लिहा, माझं उत्तर बदलेल. एचआरला एक मेल टाकून ठेवायला काय हरकत आहे, तुमच्यासारखे अप-डाऊनवाले बरेच असतील.

हायब्रीडचा, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या गाडीचा, विचार करू नका, बजेटच्या जवळपास दुप्पट किंमत, आणि त्यांचा फायदा शहरातल्या थांब-चल ट्रॅफिकमध्ये जास्त होतो, एका वेगाने जाणाऱ्या हायवेला कमी.

आता तो 36 हजारांचा आकडा. वॉरंटी वाचताना लोक वर्षं वाचतात, तुम्ही किलोमीटर वाचा. मारुतीची साधी वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमचं लाख तीन वर्षांच्या आतच होणार. त्यामुळे एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची तर ती किलोमीटर वाढवते का हे विचारा, नुसती वर्षं वाढवणारी तुमच्या कामाची नाही. (टियागो ईव्हीच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार आहे, तेही तुमचं साडेचार वर्षांत संपेल, ऑफिसमधल्या मुलाला हे सांगा.) लोनचंही तसंच. 6 लाख पाच वर्षांसाठी 9 टक्क्यांनी काढले तर हप्ता साडेबारा हजारांच्या जवळ बसतो, त्यातले सहा हजार तुमच्या डिझेलच्या बचतीतून निघतात. पण सात वर्षांचं लोन कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, हप्ता संपायच्या आधी गाडी अडीच लाख किलोमीटरला पोचलेली असेल. मॉडेल मधलं घ्या, सनरूफला पैसे घालू नका, सहा एअरबॅग सगळ्यात खालच्या मॉडेललाही आहेत. सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झालाय, आधी सेस धरून 29-31 जायचा, त्यामुळे तुमच्या ओळखीत कोणी जुने भाव सांगत असेल तर ते आता लागू नाहीत, नवीन कोटेशन घ्या. आणि एक, कंपनी फिटेड सीएनजीच. बाहेरून किट बसवलं की वॉरंटीचा घोळ, आरसीवर नोंद, इन्शुरन्सला कळवणं हे सगळं तुमच्या मागे लागतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, दर तीन वर्षांनी करायची असते तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सेकंड हँड घ्यावी का हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी सुचवतही नाही. एवढ्या रनिंगला दुसऱ्याने लाखभर चालवलेली गाडी घेतली तर दोन वर्षांत तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत याल.

टोलमध्येही थोडे पैसे आहेत. तुमच्या वाटेत एकच नाका, आनेवाडी, पण रोज दोनदा. 15 ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा 3000 रुपयांत, 200 वेळा किंवा एक वर्ष. नाव वार्षिक असलं तरी तुम्हाला तो 100 दिवसच पुरेल, म्हणजे चार महिने, संपला की परत काढायचा. क्रॉसिंगला 15 रुपयांच्या आसपास पडले तरी सुट्या टोलपेक्षा खूपच कमी. पण त्याआधी नाक्यावर जाऊन विचारा, नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना महिन्याचा लोकल पास मिळतो आणि तो यापेक्षाही स्वस्त पडतो. आधारकार्डावरचा पत्ता आणि गाडीची आरसी घेऊन जा, तुमचं घर त्या अंतरात बसतंय का ते तेच सांगतील. पास गाडीच्या नंबरला जोडलेला असतो, म्हणून जुन्या गाडीवर आता नवीन पास काढू नका.

आणि जुनी स्विफ्ट. पंधरा वर्षं झाली म्हणजे ती भंगारातच गेली पाहिजे असं नाही, फिटनेस करून, 5000 रुपये फी आणि पर्यावरण कर भरून आरसी आणखी पाच वर्षांसाठी मिळते. पण इंजिनाचं काम निघालेल्या गाडीवर तो सगळा खर्च करून तिला घरात दुसरी गाडी म्हणून ठेवायची गरज असेल तरच करा. नसेल तर आरसीची मुदत असेपर्यंत विका, मुदत संपल्यावर भाव एकदम पडतो. गिऱ्हाईक नाही मिळालं तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरला द्या, तिथून गाडी जमा केल्याचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि ते नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सवलतीला चालतं, त्यामुळे नवीन गाडी पासिंगला जायच्या आधीच ते हातात हवं, नंतर नाही. गल्लीतल्या भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. आणि विकलीत तर मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून मोकळं होऊ नका, एमएच 11 च्या त्या नंबरसमोर दुसऱ्याचं नाव ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. तोवर उद्या त्या गाडीने कुठे काही केलं तर नोटीस तुमच्या घरी येते. बोनेट बंद करून चावी देण्याआधी काचेवरचा फास्टॅग काढून बँकेकडून बंद करून घ्या, जुन्या इन्शुरन्समधला नो क्लेम बोनस असेल तर त्याचं पत्र मागा, तो नवीन गाडीच्या प्रीमियममध्ये वळता होतो आणि शोरूमवाले स्वतःहून सांगतीलच असं नाही.

पंपावरच्या रांगेचं काय निघालं ते मात्र कळवा.